अठरा रिकाम्या गाठी

मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. दोन लांब हात आहेत, पण त्यांनी कुणाला अडवता येत नाही. पाठ मात्र चांगली आहे, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. ती फार आरामशीर आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या कोरगावची एक जुनी वोल्तेर. वोल्तेर म्हणजे मागे कललेली, वेतानं विणलेली, लांब हातांची खुर्ची. त्या हातांवर पाय टाकले की माणूस निम्मा बसतो आणि निम्मा झोपतो. पोर्तुगीज गोव्यातून गेले तेव्हा घाईत बऱ्याच गोष्टी मागे राहिल्या, त्यांतली एक म्हणजे आमचं नाव.

माझा जन्म मात्र मुक्तीनंतरचा. भिकाजी नावाच्या शेतकऱ्यानं घरामागच्या डोंगरावरचं शिवणीचं झाड तोडलं आणि गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, मला घडवून घेतलं. भिकाजीला भाटकारासारखं, म्हणजे जमीनदारासारखं, ऐटीत बसायची हौस होती. बसायला वेळ तेवढा नव्हता. दिवसाकाठी अर्धा तास तो माझ्यावर टेकायचा, तोही एक डोळा रस्त्यावर ठेवून. कारण मी सोप्यावर होते, रस्त्याकडे तोंड करून. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून जायचा. भिकाजी उठला की मग टपालवाला बसायचा, शेजारीण बसायची, एकदा तर वासरू बसलं. वीसेक जणांच्या वजनानं माझा वेत सगळीकडून सारखा झिजत होता. खुर्चीला याहून चांगले दिवस नसतात.

पण माझी खरी मिजास चवथीच्या तोंडावर असायची. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. लाकडाची चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली फळं, पानं, शेंगा, कणसं बांधायची. नारळ, केळी, सुपारीचे घड सगळेच बांधतात, त्यांची कुणी गणती करत नाही. भिकाजीच्या घरी डोंगरावरचे एकावन्न जिन्नस लागत. त्यासाठी चौकटीला केवणीच्या, म्हणजे रानातल्या सालीच्या, एकावन्न दोऱ्या गाठी मारून कायमच्या सोडलेल्या होत्या.

चवथीच्या आदल्या सकाळी भिकाजी मुलाला, शिवदासला, डोंगरावर न्यायचा. परतल्यावर सगळा माल माझ्या दोन हातांवर मांडायचा. एकेक पान चुरडायचं, नाकाशी धरायचं आणि नाव सांगायचं. शिवदासनं नाव म्हटल्याशिवाय ते बांधायचं नाही.

"नाव सांग, मगे बांध," भिकाजी म्हणायचा. "नाव येना नाय ती वस्तू देवाच्या डोक्यार बांधाची नाय."

हा नियम उगाच नव्हता. त्या एकावन्नांत काही विषारीही होती. रानातलं कडू शिराळं, म्हणजे कडू दोडका, हुबेहूब परसातल्यासारखा दिसतो. तो देवाला चालतो, माणसाला नाही. भिकाजी तो कोपऱ्यातल्या काळ्या दोऱ्याच्या गाठीला बांधायचा आणि विसर्जनाला पाण्यात सोडायचा. बाकीच्या माटोळीची भाजी पुढं घरात शिजायची.

माझ्या हातांवरच ही शाळा भरत असल्यामुळे एकावन्न नावं मलाही पाठ झाली. ती आजही पाठ आहेत. त्याचा काही उपयोग नाही, पण आहेत.

भिकाजी गेला. शिवदास पेडण्याला सरकारी कारकून झाला, सुमंगलेशी त्याचं लग्न झालं. आणि चाळीस वर्षांपूर्वी घरात टीव्ही आला.

त्या दिवशी चार जणांनी टीव्ही उचलून आत नेला आणि दोघांनी मला. टीव्ही भिंतीशी बसला आणि मला त्याच्यासमोर ठेवलं. माझं तोंड रस्त्याकडून भिंतीकडे फिरलं. तेव्हा कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, कारण शिवदास आता अर्ध्या तासात उठत नव्हता. आपली इतकी गरज कुणाला आहे, असं वाटणं फार सुखाचं असतं. पाहुणे म्हणायचे, "वोल्तेर कसली झ्याक आसा, उठाकच नको दिसता." मी फुगायचे. दसऱ्याला टीव्हीला झेंडूची माळ पडायची आणि माझ्या वाट्याला तिच्या गळलेल्या पाकळ्या यायच्या. तेवढ्यावर मी खूश होते.

सुरुवातीला रविवारचा सिनेमा आणि बातम्या. मग मॅच. मग केबल आली. मग मालिका. कोणती सून कोणत्या घरात आग लावते, हे शिवदासला हळूहळू एकावन्न जिनसांपेक्षा चोख ठाऊक झालं.

त्याला एकच मुलगी, देवकी. सात वर्षांची असताना चवथीच्या आदल्या दिवशी ती माझ्या हाताला धरून उभी राहिली; तिलाही डोंगरावर जायचं होतं.

"बाबा, माका व्हरशात डोंगरार?"

"फुडल्या वर्सा, बाय. आज मॅच आसा."

पुढच्या वर्षी मॅच नव्हती, मालिकेत कुणाचं तरी लग्न होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस होता. पाऊस डोंगरावर होता, माझ्यावर नव्हता. शिवदास सुरुवातीला एकटाच घाईनं जाऊन यायचा आणि तीसेक जिन्नस आणायचा. मग परसामागूनच वीसेक. मग बाजारातून बांधलेली मोळी. रिकाम्या दोऱ्यांना सफरचंदं लागली. एका वर्षी प्लास्टिकची द्राक्षं लागली आणि ती पुढली सहा वर्षं ताजी राहिली.

मित्रांनो, मी काय करू शकत होते? एखादा खिळा वर काढायचा. जरा कुरकुरायचं. एक पाय मोडून घ्यायचा. काहीच जमलं नाही. शिवदास दर वर्षी "फुडल्या वर्सा" म्हणायचा आणि मी त्याच्या पाठीखाली आणखी थोडी मऊ व्हायचे.

माझा वेत विणायला डिचोलीहून बाबली यायचा. सायकलला वेताची वळी बांधून. त्याच्या आधी त्याचा बाप यायचा. हे लोक खुर्ची उलटी करून खालून बघतात आणि मग घरातल्या माणसांविषयी नको तितकं बोलतात. टीव्ही आल्यानंतर पहिल्यांदा आला, तेव्हा बाबलीनं माझ्या जाळीवरून बोट फिरवलं.

"शिवदासबाब, हिच्यार कोण बसता?"

"मी."

"आनी?"

"आनी कोण बसतलो?"

"नाय, खळगो एकाच मापाचो दिसता म्हणान इचारलंय. सोप्यार आसताना ह्या विणकाम सोळा वर्सां टिकला, बापूस सांगायचो. आता नऊ वर्सांत गेला. बसाक नोकरी लागली काय तुमका?"

शिवदास हसला. पुढचं विणकाम सात वर्षं टिकलं. मग सहा, मग पाच, पुन्हा पाच, मग चार. एक खेप बाबली काहीच बोलला नाही. मला तेच जास्त लागलं.

शिवदास निवृत्त झाला आणि देवकीनं त्याला मोबाइल घेऊन दिला. तेव्हापासून समोरचा पडदा बघता बघता तो हातातलाही बघू लागला. समोर मॅच चालायची आणि हातात कुणीतरी अनोळखी माणूस शेळीला आंघोळ घालायचा. देवकी एव्हाना तुयेच्या कारखान्यात कामगारांच्या हजेरीचं काम बघत होती. लग्न तिनं केलं नाही, आणि त्याविषयी बोलायचा अधिकार खुर्चीला नाही. माटोळी आता तीच बांधायची. डोंगरावर जे सापडेल ते आणायची आणि माझ्यामागं उभी राहून बापाला विचारायची.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी तिनं असंच काहीतरी आणलं आणि विचारलं, "बाबा, ह्या शिराळ्यासारखा फळ सड्याच्या कडेक गावला. हेचा नाव काय? बांधू मां?"

शिवदास मोबाइलकडे बघत म्हणाला, "हूं. बांध."

मित्रांनो, माणूस वळतो तेव्हा आधी त्याची मान फिरते, मग खांदा, आणि तो खांदा माझ्या पाठीवर थोडा घासतो. मला ते कळतं. त्या दिवशी काही घासलं नाही. "हूं" हे नाव नव्हे. भिकाजी असता तर त्यानं ते बांधू दिलं नसतं. त्या फळाचं नाव मला ठाऊक होतं आणि ते माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर होतं.

देवकीनं ते काळ्या दोऱ्याला न बांधता भाज्यांच्या रांगेत बांधलं. काळा दोरा कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथं सफरचंद होतं.

गणपती गेले. सुमंगलेनं रिवाजाप्रमाणं माटोळी सोडवली आणि सगळ्या भाज्यांचं खतखतं केलं. दुपारी देवकी कामावर होती. शिवदासनं माझ्यावर बसून, समोर बघत, पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"कडू लागता."

"देवाच्या माटोळीतला तां. टाकतत काय?" सुमंगला म्हणाली आणि कडू तोंडानं आपलं ताट संपवून त्याचंही संपवलं. देवाचं आहे म्हटल्यावर तिनं चव विचारातच घेतली नाही.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मग ती न्हाणीच्या दाराशी बसली आणि तिला उठता येईना. तिनं दोनदा हाक मारली. शिवदासला पहिली हाक जाहिरातीतली वाटली. दुसरीला तो उठला. मी शपथेवर सांगते, इतक्या झटक्यात तो माझ्यावरून आजवर कधी उठला नव्हता.

शेजारच्या गुरुदासनं आपल्या टेम्पोतून तिला हॉस्पिटलात नेलं. तीन दिवस ती तिथं होती. घरात टीव्ही बंद होता आणि मी रिकामी होते. शिवदास घरी आला की जमिनीवर बसायचा. तिसऱ्या दिवशी देवकी त्याला म्हणाली, "बाबा, मीच हाडलंय तां फळ."

"मी हूं म्हटलंय," तो म्हणाला.

सुमंगला बरी झाली. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा माटोळीची रिकामी चौकट धुतली आणि प्लास्टिकची द्राक्षं फेकली. नवऱ्याला ती काही बोलली नाही. तो बिचारा पंधरा दिवस वाट बघत होता. मग सोळाव्या दिवशी सवयीनं परत माझ्यावर येऊन बसला आणि त्यानं मोबाइल काढला. मला वाटलं आता तरी मोडावं. मोडले नाही. मेस्तानं काम पक्कं केलं होतं.

उन्हाळ्यात बाबली आला. आता त्याचेही केस पांढरे झालेले. त्यानं मला उलटी केली.

"तीन वर्सां," तो म्हणाला. "शिवदासबाब, माझो धंदो तुमच्यारच चलता."

देवकी सुट्टीवर होती. कारखान्यात ती दोनशे माणसांचे तास मांडते, तेव्हा हिशोब तिच्या बोटांत असतो. तिनं कॅलेंडरचं मागचं पान उलटलं.

"बाबा, दिसाक चार तास धरू?"

"चार नाय गो. तीन."

"तीनान इतको खळगो पडना नाय," बाबली माझ्याखालून म्हणाला.

"चार धर," सुमंगला आतून म्हणाली. "मॅच आसली तर धा."

देवकीनं मांडलं. दिवसाला चार तास, म्हणजे वर्षाला चौदाशे साठ. माणूस दिवसात सोळा तास जागा असतो असं धरलं तर ते झाले एक्याण्णव दिवस. तीन महिने.

"वर्साक तीन महिने," ती म्हणाली. "चाळीस वर्सांचे..." आणि ती थांबली. पेन्सिल कागदावर तशीच राहिली.

"किती गो?" शिवदासनं विचारलं.

"धा वर्सां, बाबा. जागेपणाची. सकाळी उठल्यापासून रातीक न्हिदेपर्यंत, धा वर्सां तुमी हिच्यार बसलात."

शिवदास त्या आकड्याकडे बघत राहिला. तो एक साधा कारकून माणूस, कुणाचं वाईट केलेलं नाही, सुपारीसुद्धा खात नाही. दहा वर्षं गेली आणि जाताना एकही दिवस गेल्यासारखा वाटला नव्हता.

सुमंगला हात पुसत बाहेर आली. "डोंगरार जाऊन येवक किती येळ लागता?"

"सकाळ एक. चार तास," शिवदास म्हणाला.

"देवकी, तां पण मांड."

देवकीनं मांडलं. वर्षाला एक सकाळ, चार तास. चाळीस सकाळी. एकशे साठ तास. सोळानं भागलं.

"धा दिस," ती हळूच म्हणाली.

एका बाजूला दहा वर्षं आणि दुसऱ्या बाजूला दहा दिवस. तेवढे दिले असते तर त्या पोरीला एकावन्न नावं आली असती आणि आईला काळा दोरा ठाऊक झाला असता. बाबलीनं वेत भिजत घातला. त्या खेपेला त्यानं जाळी ताणून बांधली, जरा टोचेल अशी. त्याला वाटलं असावं की त्यानं काही फरक पडेल.

मग चवथ आली. शिवदासचे गुडघे एव्हाना उंबऱ्यालाही कुरकुरत होते. आदल्या सकाळी देवकी एकटीच डोंगरावर गेली आणि तिथून तिनं मोबाइलवर बापाला समोर आणलं. शिवदासनं मोबाइल हातात धरला. पडद्यावर देवकी, तिच्या हातात एक हिरवं पान.

"बाबा, ह्या काय?"

"चुरड तां. आनी नाकाक लाय."

"लायलंय."

"वास कसो येता?"

"वासासारखो. कसो सांगू?"

शिवदासनं डोळे मिटले आणि मोबाइल आपल्या नाकाशी नेला. मित्रांनो, त्यानं खरंच हुंगलं. एकदा, मग पुन्हा एकदा, जरा जोरात. सुमंगला दारात उभी राहून बघत होती. ती हसली नाही.

"वास येना नाय," तो तिला म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "माका व्हरा थंय."

"तुमका चलाक येता काय?"

"हिच्यासकट व्हरा."

अशा रीतीनं मी चाळीस वर्षांनी घराबाहेर पडले. गुरुदासच्या टेम्पोत मला चढवलं, माझ्यावर शिवदासला. टेम्पो सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या पठाराच्या, कडेला थांबला. पुढं गुरुदास आणि त्याचा भाऊ दत्ताराम यांनी माझे लांब हात खांद्यावर घेतले आणि शिवदासला वरातीसारखं रानात नेलं. गुरुदास म्हणाला, "शिवदासकाका, रिमोट हाडलात काय?" शिवदास म्हणाला, "गप चल रे." पण मला त्याचं वजन कळतं. तो हलका झाला होता.

त्यांनी मला ओल्या मातीत ठेवलं. माझे पाय बोटभर रुतले. याच डोंगरावरची शिवण मी. माती ओळखीची होती.

देवकी एकेक पान आणायची, माझ्या हातावर ठेवायची. शिवदास चुरडायचा, हुंगायचा आणि नाव सांगायचा. देवकी म्हणायची, तो मान हलवायचा, मग ते पिशवीत जायचं. पहिली बारा भराभर आली. कडू शिराळ्याला तर त्यानं नाक लावलंच नाही, लांबूनच म्हणाला, "तां काळ्या दोऱ्याचा," आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

विसाव्यानंतर तो अडखळू लागला. घागऱ्याच्या शेंगा कुठं मिळायच्या ते त्यानं हात करून दाखवलं, तर तिथून मोपाच्या नव्या विमानतळावरचं विमान वर आलं. सगळे ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. तिसाव्यानंतर पान नाकाशी असायचं आणि नाव यायचं नाही. ओठ हलायचे. "बापूस म्हणायचो... लांब नाव आसा... जिभेर आसा." पान माझ्या हातावर परत यायचं, चुरडलेलं, वास सुटलेलं.

ते लांब नाव मला येत होतं, मित्रांनो. पुढचंही येत होतं, आणि त्याच्या पुढचंही. माझ्याच हातांवर ती शिकवली गेली होती. मी नुसती उभी होते, जशी चाळीस वर्षं उभी होते.

तेहतीस नावं झाली. तेहतिसावर तो थांबला आणि म्हणाला, "बाय, बाकीची माझ्याकडसून गेली."

"आसूं दे, बाबा."

"बांधू नको ती. नाव येना नाय ती बांधाची नाय."

संध्याकाळी माटोळी बांधली. तेहतीस जिन्नस, प्रत्येकाचं नाव देवकीनं मोठ्यानं म्हटलं, चुकली नाही. काळ्या दोऱ्याला कडू शिराळं. शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या, "उरलेल्यांका सफरचंदां लायात मां, बरी दिसतली." सुमंगला म्हणाली, "नको." अठरा गाठी तशाच रिकाम्या लोंबत ठेवल्या. आरतीच्या वेळी वाऱ्यानं त्या हलत होत्या. शिवदास देवाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होता.

आता मी परत सोप्यावर आहे, रस्त्याकडे तोंड करून. शिवदास माझ्यावर बसतो, पण टपालवाला आला की उठून त्याला जागा देतो. टीव्ही आहे, मोबाइलही आहे. त्यानं काही शपथ वगैरे घेतलेली नाही, आणि घेतली असती तर मी तरी विश्वास ठेवला नसता. मधूनच तो हातातलं बघता बघता थांबतो, डोळे मिटतो आणि हवेत बोटांनी काहीतरी चुरडतो. परवा एक नाव आलं. धावत गेला, म्हणजे त्याच्या मानानं धावत, आणि देवकीला सांगून आला. सतरा उरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्या तुमच्याही घरात आहेत. माझ्यापेक्षा पुष्कळ मऊ आहेत. त्यांना बोलता येत नाही आणि तुम्हाला उठवताही येत नाही, म्हणून मी त्या सगळ्यांच्या वतीनं माफी मागून एवढंच मागते. पडदा बघा, माझी ना नाही. पण पाठीमागं उभं राहून कुणी काही विचारलं, तर "हूं" म्हणू नका. मान वळवा. त्याला किती वेळ लागतो ते मी पाठीवर मोजलेलं आहे. काहीच लागत नाही.